बारशाच्या आत अहवाल हाती हवा : नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली सव्वीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन त्याची थायरॉइड ग्रंथी काम करते की नाही हे पहिल्या आठवड्यातच तपासले जावे आणि ज्याची ग्रंथी काम करत नाही अशा बाळाला बारशाच्या सुमारास औषध सुरू झालेले असावे, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. मागणी नवी नाही. आमच्या क्षेत्रातील अनेकांनी ती अनेकदा मांडली आहे. तरीही ती पुन्हा का मांडावीशी वाटते, हे एका मुलीची हकिगत सांगितल्याशिवाय मला नीट सांगता येणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक आजी आपल्या अकरा महिन्यांच्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. तक्रार होती ती पाच-पाच दिवस शी होत नसल्याची. बाकी नातीचे त्यांना कौतुकच होते. "लई गुणाची हाय पोरगी. रडत न्हाई, कुरकुरत न्हाई. दूध पाजायला सुदिक उठवावं लागतंय," असे त्या मोठ्या समाधानाने सांगत होत्या. मी त्या मुलीला तपासणीच्या टेबलावर घेतले. तिची जीभ ओठांच्या बाहेर आलेली होती, कातडी थंड आणि खरखरीत होती, बेंबी लिंबाएवढी फुगलेली होती, टाळू या वयाला असावी त्याहून कितीतरी मोठी होती आणि अकराव्या महिन्यातही तिची मान नीट सावरत नव्हती. सुई टोचल्यावर ती रडली, तेव्हा आवाज घोगरा होता. दोन दिवसांनी आलेल्या अहवालात टीएसएचचा, म्हणजे थायरॉइड काम करेनाशी झाली की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याचा, आकडा यंत्राच्या मापनाच्या मर्यादेपलीकडे गेलेला होता.

त्याच दिवशी मी तिचा जुना कागद शोधून काढला. ती तीन आठवड्यांची असताना कावीळ उतरत नाही म्हणून तिला माझ्याकडेच आणले होते, आणि त्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिले होते की आईचे दूध चालू ठेवावे व सकाळी कोवळे ऊन दाखवावे. दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळणारी कावीळ हे थायरॉइडच्या कमतरतेचे लक्षण असू शकते, हे मी शिकलेलो होतो. समोर दिसत असलेले लक्षण मी ओळखले नाही. औषध सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ती मुलगी बदलली. अंग ऊबदार झाले, पोट साफ होऊ लागले, ती हक्काने रडू लागली, पुढे उंचीही वाढली. आज ती वयात आलेली आहे आणि पाहणाऱ्याला तिच्यात वेगळे काही जाणवत नाही. पण दहाची नोट देऊन सात रुपयांचे बिस्किट घेतले तर दुकानदाराने किती परत द्यायचे, हे तिला सांगता येत नाही. गेलेल्या अकरा महिन्यांत तिच्या मेंदूची जी बांधणी व्हायची राहिली, ती नंतर कुठल्याच औषधाने भरून निघाली नाही.

हे असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय तपासणीची घाई कशासाठी हे कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथीला आपला स्राव इच्छित जागी नेण्यासाठी नळी असते. मेंदूच्या तळाशी असलेली हरभऱ्याएवढी पीयूषिका, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि गळ्यात कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगलेली थायरॉइड यांना अशी नळी नसते. त्या आपला स्राव, म्हणजे संप्रेरक किंवा हॉर्मोन, थेट रक्तात सोडतात. रक्त सगळीकडे फिरते, तसे संप्रेरकही सगळीकडे पोचते, मात्र त्याला ओळखून धरणारी जागा ज्या पेशीत असेल तिच्यावरच त्याचा परिणाम होतो. थायरॉइडच्या संप्रेरकाला ओळखणाऱ्या पेशी शरीरात जवळजवळ सर्वत्र आहेत. हृदयाची गती, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल, हाडांची वाढ, हे सगळे त्याच्या आधाराने चालते, आणि म्हणूनच ते कमी पडले की बाळ थंड पडते, सुस्त होते, त्याचे पोट साफ होत नाही आणि ते वाढत नाही.

ही ग्रंथी अन्नातून आलेले आयोडीन रक्तातून खेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन बनवते. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशी त्यातला एक काढून टाकतात आणि उरलेल्या तीन अणूंच्या रूपाने प्रत्यक्ष काम होते. किती थोड्या प्रमाणात हा सगळा व्यवहार चालतो हे पाहिले की मला आजही नवल वाटते. मोठ्या माणसाची थायरॉइड दिवसाला सुमारे ८० ते १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन तयार करते, म्हणजे एक ग्रॅम भरायला जवळजवळ तीस वर्षे लागतील. चिमूटभर म्हणावे एवढ्या त्या वस्तूवर माणसाचे अर्धे आयुष्य चालते.

थायरॉइड आपल्या मनाने चालत नाही. रक्तात थायरॉक्सिन कमी झाले की पीयूषिका टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून तिला हाक मारते, थायरॉइड ओ देते, थायरॉक्सिन वाढते आणि पीयूषिकेची हाक आपोआप मंदावते. ओ आलीच नाही, तर हाक वाढत जाते. नवजात बाळाच्या रक्तात आपण तपासतो ती ही हाक. टीएसएच फार वाढलेले असणे म्हणजे पीयूषिका ओरडते आहे आणि थायरॉइड उत्तर देत नाही. पीयूषिकेतच दोष असलेली विरळा बालके या तपासणीतून सुटू शकतात हे खरे, परंतु जन्मजात कमतरतेची बहुसंख्य बालके तिच्यात सापडतात.

गर्भात थायरॉइडचा जन्म जिभेच्या मुळाशी होतो आणि तिथून खाली उतरत ती साधारण सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यातल्या आपल्या जागी पोचते. कधी ती तयारच होत नाही, कधी वाटेतच अडकते, कधी जागी पोचूनही संप्रेरक बनवण्याच्या साखळीतला एखादा दुवा तिच्यात नसतो. यातला शेवटचा प्रकार बहुधा आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो, त्यामुळे आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे तिथे त्याची शक्यता वाढते. पहिल्या दोन प्रकारांत मात्र बहुतेक वेळा घराण्याचा काही संबंध नसतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण निदान झाल्यावर दवाखान्यातल्या त्या पहिल्या पाच मिनिटांत घरच्यांची नजर हटकून सुनेकडे वळते. तिने ग्रहण पाळले नाही, ती अमुक खाल्ल्याशिवाय राहत नव्हती, असे तिच्यासमोर बोलले जाते. यातल्या कशानेही बाळाची थायरॉइड नाहीशी होत नाही, हे प्रत्येक आशाताईला सांगता आले पाहिजे. आयोडीनयुक्त मिठाबाबतही असाच गोंधळ दिसतो. ते मीठ आवश्यकच आहे आणि त्याने गलगंडाविरुद्ध या देशात मोठे काम केले आहे, पण ज्या बाळाला ग्रंथीच नाही त्याला मिठातल्या आयोडीनचा काय उपयोग होणार?

बाळ पोटात असताना आईचे थायरॉक्सिन वारेतून थोडेबहुत त्याच्याकडे येत राहते. त्यामुळे ग्रंथी नसलेले बाळही जन्मतः ठणठणीत दिसते: वजन चांगले, रंग चांगला, रडणेही वेळेवर. नाळ तुटली की तो पुरवठा बंद होतो आणि आधीचा साठा सरत जातो. लक्षणे मागाहून, एकेक करून, इतक्या सावकाश येतात की ती बाळाच्या स्वभावात जमा होतात. झोपाळू बाळ शांत म्हणून ओळखले जाते, न रडणारे गुणी ठरते. या आजाराच्या बहुसंख्य बालकांत पहिल्या दिवसांत डोळ्यांना दिसेल असे ठोस चिन्ह नसते, त्यामुळे अनुभवी डॉक्टरही केवळ पाहून ते ओळखू शकत नाही. आणि नेमक्या याच आठवड्यांत, पुढे साधारण तीन वर्षांपर्यंत, मेंदूच्या पेशींची वाढ आणि त्यांची एकमेकींशी जोडणी थायरॉक्सिनवर अवलंबून असते. पहिल्या दोन आठवड्यांत योग्य मात्रेत औषध सुरू झालेली बालके शाळेत इतरांच्या बरोबरीने बसतात. प्रत्येक महिन्याच्या उशिराची किंमत बुद्धीत मोजावी लागते.

म्हणून मी बारशाचा हिशेब धरतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवतात, आणि वैद्यकाने घालून दिलेली दोन आठवड्यांची मुदत जवळजवळ तिथेच संपते. तारखा विसरणाऱ्या घरालाही बारसे लक्षात राहते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. जाँ द्युसो यांनी वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून नवजात बालकांच्या थायरॉइडची तपासणी १९७४ मध्ये सुरू केली. त्याला आता अर्धशतक उलटून गेले. तिथून ती अनेक देशांत पोचली आणि तिथल्या डॉक्टरांच्या नव्या पिढीला उशिरा सापडलेले असे मूल क्वचितच पाहायला मिळते. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी यंत्रणेतून नवजात बालकांच्या तपासणीचा उपक्रम सुरू केला होता, केरळने सरकारी प्रसूती रुग्णालयांसाठी अशी व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रातही काही शहरांत आणि काही रुग्णालयांत ही तपासणी होते. पण ती कोणत्या बाळाची होईल हे त्याचा जन्म कुठे झाला आणि त्याच्या बापाच्या खिशात किती पैसे आहेत यावर ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातल्या पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील तीस आरोग्यदोषांची यादी त्या कार्यक्रमात आहे आणि त्या यादीच्या तळाशी जन्मजात थायरॉइड कमतरतेचे नाव सिकलसेल व थॅलेसेमियाच्या सोबतीने आहे. पण त्यापुढे शब्द आहे, 'ऐच्छिक'. ही इच्छा कोणाची, असा प्रश्न मला पडतो. बाळाला ती सांगता येत नाही. आईला हा आजार असतो हेच ठाऊक नसते. म्हणजे उरते ती शासनाची इच्छा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास केला होता, आणि मुंबई त्यांपैकी एक होती. त्यात साधारण अकराशे-बाराशे बालकांमागे एकाला ही कमतरता आढळली. राज्यात वर्षाला सुमारे १८ ते २० लाख जन्म होतात. अभ्यासातले प्रमाण बाजूला ठेवून अगदी दोन हजारांत एक एवढेच धरले, तरी वर्षाकाठी नऊशे ते हजार बालके होतात. इतका स्वस्त आणि इतका पक्का उपाय असलेला मतिमंदत्वाचा दुसरा आजार माझ्या तरी माहितीत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण अडचण खरी तिथेच आहे. जन्मल्याबरोबर पहिल्या अर्ध्या तासात, गर्भातल्या उबेतून बाहेरच्या गारव्यात आल्यामुळे, निरोगी बाळाचेही टीएसएच एकदम उसळते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत खाली येते. त्यामुळे पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या नमुन्यात नसलेला आजार दिसू शकतो आणि घरचे विनाकारण घाबरतात. नमुना ४८ तासांनंतर घ्यावा हे उत्तम. नैसर्गिक प्रसूती झालेल्या कितीतरी स्त्रिया त्याआधीच घरी जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रसूतीच्या वेळीच वारेकडच्या नाळेतून रक्त घेणे. त्यात बाळाला टोचावेही लागत नाही आणि आपल्या देशातील बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनाही तो मार्ग मान्य आहे. दुसरा म्हणजे घरी गेलेल्या बाळाचा नमुना आरोग्यसेविकेने घेणे. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून देशभर गेली. त्या पद्धतीप्रमाणे आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाच्या घरी जातातच. पाऊल आधीच त्या उंबऱ्यापर्यंत पोचते आहे, त्याच दिवशी सोबत आरोग्यसेविका गेली तर टाचेचा नमुना तिथेच घेता येईल.

नमुना घेणे शिकवायला अर्धा दिवस पुरे. बाळाची टाच कोमट ओल्या कापडाने शेकून घ्यायची, टाचेच्या मध्यभागी न टोचता कडेच्या मांसल भागात टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोठा थेंब रक्त शोषून घेणाऱ्या कागदी कार्डावरच्या वर्तुळाला अलगद टेकवायचा, म्हणजे रक्त कागदातून पलीकडच्या बाजूला उतरते. थेंबावर थेंब चढवायचा नाही. कार्ड आडवे ठेवून उन्हापासून दूर तीन-चार तास वाळू द्यायचे आणि मग पाकिटात घालायचे. पावसाळ्याच्या दमट हवेत कार्ड ओलसर राहते आणि नमुना वाया जातो, तेव्हा कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या केंद्रांसाठी ओल शोषणाऱ्या पुड्यांची सोय लागेल. आणखी एक सूचना फुकटात अमलात येण्यासारखी आहे: बाळाच्या नाळेवर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावण्याची सवय प्रसूतिगृहांनी सोडावी. ते आयोडीन कोवळ्या त्वचेतून आत शिरते, ग्रंथीचे काम काही काळ दाबते आणि टीएसएच वाढलेले दाखवते.

नमुना घेतला की काम संपले, अशी समजूत मात्र घातक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन महिन्यांचे एक बाळ आले. एका रुग्णालयात त्याची तपासणी वेळेवर झालेली होती. अहवालात आकडा स्पष्टपणे वाढलेला होता आणि तो बाळाच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवण्यातही आला होता. वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेले होते आणि फोन बंद होता. आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती आणि रुग्णालयाच्या नोंदीत पत्ता होता तो सासरचा. कागद सगळे बरोबर होते आणि बाळ नव्वद दिवस औषधाविना राहिले. पहिले बाळंतपण माहेरी होणे ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि ऊसतोडीचे स्थलांतरही दर दिवाळीनंतर ठरलेलेच आहे. म्हणून कार्डावर माहेरचा पत्ता, आजीचा किंवा मामाचा फोन आणि त्या गावच्या आशाताईचे नाव हे तीन रकाने असल्याशिवाय ते कार्ड प्रयोगशाळेने स्वीकारू नये, असा नियम आपण करावा. वाढलेला अहवाल आला की संदेश पाठवून न थांबता, बाळ प्रत्यक्ष सापडेपर्यंत शोध घेण्याची जबाबदारी मुलांतील दोषांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील एका व्यक्तीवर नावानिशी असावी.

औषधाबाबत थोडे. लिव्होथायरॉक्सिनची गोळी काही रुपयांत मिळते. नवजात बाळाला दर किलो वजनामागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे तीन किलोच्या बाळाला २५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी पुरते. ती दोन चमच्यांमध्ये चुरडून आईच्या दुधाच्या काही थेंबांत कालवायची आणि चमच्याने किंवा घरच्या बोंडल्याने पाजायची. लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध त्याच वेळी द्यायचे नाही. माझ्या भागात सरकारी औषधसाठ्यात बहुधा मोठ्यांना लागणाऱ्या जास्त मात्रेच्याच गोळ्या असतात आणि आईला विळीने त्यांचे चार तुकडे करावे लागतात. एवढ्याशा जिवाच्या औषधाची मात्रा विळीवर ठरू नये. २५ मायक्रोग्रॅमची गोळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही असावी आणि पहिल्या वर्षात पुनःपुन्हा करावी लागणारी रक्ततपासणी मोफत असावी. काही बालकांत ही कमतरता तात्पुरती असते. तिसऱ्या वर्षानंतर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गोळी थांबवून ते पडताळता येते. तोवर कोणीही, 'आता बाळ चांगले दिसते' म्हणून ती बंद करू नये, हे घरच्यांना दर भेटीत सांगावे लागते.

संशयित म्हणून परत बोलावलेल्या बालकांत बरीचशी निरोगी निघतील आणि त्यांच्या आईवडिलांचे चार दिवस काळजीत जातील, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. त्या चार दिवसांचे ओझे मी कमी लेखत नाही. पण तसे आईबाप दुसरा अहवाल घेऊन परत जातात तेव्हा त्यांचे बाळ त्यांच्यापाशी पूर्णपणे शाबूत असते.

तेव्हा आपणास विनंती आहे की 'ऐच्छिक' हा शब्द महाराष्ट्रापुरता काढून टाकणारा शासन निर्णय आपण काढावा. एका वर्षात सगळे राज्य जमणार नसेल, तर ज्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी सर्वाधिक स्थलांतर होते तिथून आरंभ करावा, कारण तिथली बाळे शोधणे सर्वांत अवघड आहे आणि तिथे बसलेली घडी इतरत्र सहज चालेल. किती बाळे जन्मली, किती तपासली, किती परत बोलावली आणि कितव्या दिवशी पहिली गोळी दिली, हे चार आकडे दर तीन महिन्यांनी जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. माझ्या तालुक्यातील आरोग्यसेविकांना नमुना घेण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी मी आठवड्यातला एक दिवस विनामूल्य द्यायला तयार आहे. आपल्या कार्यालयातून केव्हाही निरोप यावा.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावचा एक बालरोगतज्ज्ञ